वाचक विचारतात : उजाड रानात मरी गाव वसले कसे?

प्रश्न : मुलगा अ‍ॅडलेडला नोकरीला आहे. जुलैत आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, ‘उत्तरेला मरीपर्यंत गाडीने जाऊ.’ नकाशात पाहिले तर चहूकडे ओसाड रान आणि मधेच हा एक ठिपका. अशा जागी गाव वसवायचे कोणाला सुचले? — एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : उच्चार ‘मरी’ असाच, दुसरे अक्षर लांबवून, आपल्या मरीआईशी त्याचा काही संबंध नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातले हे गाव अ‍ॅडलेडहून रस्त्याने सुमारे ६८५ किलोमीटर आहे. वस्ती जेमतेम शंभर, तीही घटत चाललेली. वर्षाचा पाऊस सरासरी १६० मिलिमीटरच्या आसपास. इंदुरात श्रावणातल्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पडून जातो.

मालव्याची ओळख आपण ‘डग डग रोटी, पग पग नीर’ अशी सांगतो. मरीच्या मुलखातही नीर आहे, पण पावलोपावली नाही; ते एका रेषेत आहे. गाव तिथेच का, ते या रेषेवरून कळते.

ऑस्ट्रेलियाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलाचा साठा आहे. विस्तार १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून थोडा जास्तच. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडणारा पाऊस वालुकाश्मात मुरतो आणि वर्षाला १ ते ५ मीटर अशा गतीने पश्चिमेकडे सरकतो. वर चिकणमातीच्या दगडाचे घट्ट झाकण असल्याने पाणी दाबाखाली राहते. नैर्ऋत्य टोकाला हे झाकण पातळ होते, त्याला भेगाही आहेत. तिथे पाणी आपोआप वर येते. या टोकाचे पाणी लाखो वर्षांपूर्वी मुरलेले आहे. आपल्या मालव्यातल्या काळ्या पाषाणाशी याची तुलना करू नये. आपल्याकडे पाणी दगडाच्या फटींत आणि वरच्या मुरमात साठते, दरवर्षीच्या पावसाने भरते आणि उन्हाळ्यात उतरते.

वर येणाऱ्या पाण्यातले क्षार साचत साचत झऱ्याभोवती टेकाड तयार होते. मरीपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर वाब्मा काडार्बू उद्यानात ब्लांच कप आणि बबलर हे असे दोन झरे आहेत. ब्लांच कपच्या टेकाडावर चढलात की माथ्यावर वाटीसारखे गोल तळे आणि काठाला लव्हाळी दिसते. बबलरच्या तळाची रेती एकसारखी उसळत असते, चुलीवरचे पिठले रटरटते तशी. पाहताना पाणी उकळते आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते कढत नसते, खालचा दाब रेती उचलत असतो. मुलाला सांगून इथे थांबाच.

झऱ्यांची ही माळ मरीपासून वायव्येला ऊडनाडाट्टा या गावाकडे जाते. अरबाना आणि दिएरी या मूळ रहिवाशांच्या वाटा हिच्याच कडेने होत्या. १८५९ मध्ये जॉन मॅकडुअल स्टुअर्ट या संशोधकाने इथल्या झऱ्यांना आपल्या तुकडीतल्या हेर्गॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले. १८७२ मध्ये पूर्ण झालेली देशाच्या आरपार जाणारी टेलिग्राफच्या तारेची लाइनही झरे धरूनच गेली. १८८४ मध्ये रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला पाणी हवे, म्हणून रुळांनीही तोच मार्ग धरला. पहिल्या महायुद्धात जर्मन नावे नकोशी झाली, तेव्हा १९१८ मध्ये ‘हेर्गॉट स्प्रिंग्ज’चे ‘मरी’ झाले.

पुढे १९५७ मध्ये दक्षिणेकडून रुंद रूळ मरीपर्यंत आले आणि उत्तरेला मात्र अरुंदच राहिले. एकीकडे १४३५ मिलिमीटर, दुसरीकडे १०६७. खांडव्याला ब्रॉड गेजवरून उतरून इंदूरची मीटर गेज धरलेल्या जुन्या मंडळींना हे वेगळे समजवायला नको. माल उतरवणे, चढवणे, गाडी बदलणे यावर मरीचे पोट चाले. पण वाळवंटातल्या अचानक येणाऱ्या पुरांनी जुना मार्ग वारंवार वाहून जाई. शेवटी १९८० मध्ये सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, पुराच्या वाटेबाहेर नवा मार्ग सुरू झाला. डिझेल इंजिनाला झऱ्याची गरजही उरली नव्हती. गावात आज जुनी इंजिने आणि रिकामा प्लॅटफॉर्म उभा आहे.

प्रश्न : तिथे ‘अफगाण’ लोकांची वस्ती होती असे वाचले. इतक्या लांब अफगाण कुठून आले? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ‘अफगाण’ हे सरसकट दिलेले नाव. प्रत्यक्षात बलुचिस्तान, सिंध, पंजाब, राजस्थान अशा भागांतले उंटवाले त्यात होते. बरेचसे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातलेच. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून सव्वाशेच्या आसपास उंट आणि ३१ उंटवाले आणवले. रेल्वे मरीला पोचल्यावर पुढचा सगळा माल उंटांवर जाऊ लागला. एक उंट तीनशे-चारशे किलो सहज नेतो. जाताना पीठ, साखर, तार. येताना लोकरीचे गठ्ठे. मालव्यातून मेंढ्या घेऊन जाणाऱ्या रेबारींच्या उंटांच्या नाकातली खुंटी आणि तिला बांधलेली दोरी आपण पाहिली असेल. तिथेही तीच पद्धत.

हे लोक नसते तर तारेचे खांब आणि रूळ वाळवंटात पोचलेच नसते. तरी गावात त्यांना रुळांपलीकडे राहावे लागे: एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि मूळ रहिवासी. १९०१ च्या स्थलांतर रोखणाऱ्या कायद्यानंतर बाहेरून माणसे आणणे, नागरिकत्व मिळवणे त्यांना दुरापास्त झाले. हा अन्याय गावाच्या इतिहासात ठळकपणे सांगायला हवा. उंटवाल्यांनी मातीच्या भिंतींची मशीद बांधली, खजूर लावले. त्या मशिदीची प्रतिकृती गावात पाहायला मिळते. त्यांच्यातले बेजा दरवेश बलुचिस्तानातले. आधी हिंदुस्थानी सैन्यात होते. १८९६ च्या कॅल्व्हर्ट या वाळवंटातल्या शोधमोहिमेत त्यांनी जिवाची बाजी लावली, म्हणून मोहिमेचा नेता लॉरेन्स वेल्स याने त्यांना आपले होकायंत्र दिले. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मोटारलॉऱ्या आल्यावर उंटांचा धंदा बसला. १९२५ च्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने मोकाट उंट मारायची मुभा दिली. पोसलेले जनावर गोळीला देण्यापेक्षा अनेकांनी उंट रानात सोडले. आजच्या रानटी उंटांत त्यांचे वंशज आहेत.

प्रश्न : मरीच्या अलीकडे ‘फरीना’ हे पडके गाव आहे म्हणतात. ते का ओस पडले? — एक विद्यार्थी, देवास

उत्तर : गव्हाच्या आशेवर वसवले म्हणून. १८६५ मध्ये सर्वेक्षक जॉर्ज गॉयडर याने दुष्काळानंतर झाडोरा पाहून एक रेषा आखली: हिच्या उत्तरेला पेरू नका. ती साधारण २५० मिलिमीटर पावसाची रेषा ठरली. पुढे काही वर्षे पाऊस चांगला झाला, ‘नांगर जाईल तिथे पाऊस येतो’ असे लोक मानू लागले आणि १८७८ मध्ये रेषेच्या बऱ्याच उत्तरेला आखलेल्या गावाला ‘फरीना’ नाव मिळाले. लॅटिनमध्ये फरीना म्हणजे पीठ. १८८० च्या दशकात दुष्काळ परतला आणि गव्हाची आशा संपली. रेल्वेमुळे गाव काही दशके तगले; आता दगडी भिंती उरल्या आहेत. चार चांगल्या वर्षांची सरासरी धरून पेरणी ठरवू नये, हे गॉयडरला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झुडपांवरून कळले होते.

प्रश्न : मरीच्या पुढे स्वतः गाडी चालवत जाता येते का? काय तयारी लागते? — पहिल्याच वाचिका

उत्तर : जाता येते, आणि जुलै हा योग्य महिना. दिवसा हवा सुखद. रात्री मात्र पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, स्वेटर हवाच. जानेवारीत जाऊ नका. मरीहून दोन कच्च्या वाटा निघतात: ईशान्येला बर्ड्सव्हिलपर्यंत ५१७ किलोमीटर, वायव्येला ऊडनाडाट्टावरून मार्लापर्यंत सुमारे ६२०. दुसरी झऱ्यांच्या कडेने जाते. तुम्ही तीच निवडावी. मरीनंतरचे पेट्रोल विल्यम क्रीकला, दोनशेहून अधिक किलोमीटरवर. वस्ती तिथे दहा-बारा माणसांची, भोवती अ‍ॅना क्रीक हे गुरांचे रान, क्षेत्रफळ इंदूर जिल्ह्याच्या सुमारे चौपट. टाकी मरीत काठोकाठ भरा.

भाड्याची साधी गाडी घेणार असाल तर करारपत्र वाचा; कच्च्या रस्त्यावर तिचा विमा बहुधा लागू होत नाही. जाड टायरची फोर-व्हील गाडी, दोन स्टेपन्या, जॅक, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि हवेचे मीटर बरोबर हवे. टायर फुटतात ते अणकुचीदार खड्यांनी. डांबरावर ३८–४० पीएसआय हवा असेल तर खडीवर २८–३० ठेवा, म्हणजे टायर खड्याला टणक धडक न देता त्याच्यावर दबतो. पण कमी हवेचा टायर वेगात तापतो, म्हणून वेग ८० च्या आत ठेवा आणि डांबरावर परतताच हवा भरा. समोरून रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला पन्नास मीटर लांबीचा ट्रक, आला तर बाजूला थांबून धुरळा बसू द्या. सूर्य साडेपाच-पावणेसहालाच मावळतो. त्याआधी मुक्काम गाठा, कारण अंधारात कांगारू आणि गुरे रस्त्यावर येतात.

पाणी माणशी दिवसाला १० लिटर, ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवसांचे जादा, आणि एकाच पिंपात नको. पिंप फुटले तर सगळेच जाते. मोबाइलला रेंज नसते, सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या. थोड्या पावसानेही चिकणमाती चाकांना लिंपते आणि रस्ते बंद होतात. कोणती वाट उघडी आहे ते मरीतल्या मोठ्या फलकावर लिहिलेले असते. ‘बंद’ असेल तर थांबा, बंद वाटेवर गेल्यास दंडही होतो.

गाडी बंद पडली तर तिच्याजवळच राहा. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिलच्या वाटेवर पाच जणांचे कुटुंब तहानेने गेले. ते गाडी सोडून चालू लागले होते. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. सावलीत बसा, बॉनेट उघडे ठेवा, जाण्याआधी विल्यम क्रीकला कधी पोचणार ते मरीत कोणाला तरी सांगून ठेवा आणि पोचल्यावर त्यांना फोन करायला विसरू नका, नाहीतर ते तुम्हाला शोधायला निघतील.