कोळ्याच्या डोळ्यांवर पोट भरेल का?

इंदिरानगरच्या ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, नीटचा क्लास चालू, आणि हा रात्री मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून कोळ्यांचे डोळे मोजत बसतो, मिस्टर म्हणतात याने पोट भरणार का.

एक तर तो टाइमपास करत नाहीये. कोळी कुठल्या कुळातला हे ओळखताना डोळ्यांची मांडणी आधी बघतात. बहुतेकांना आठ असतात, पण वुल्फ स्पायडरला खाली चार बारके, वर दोन मोठे आणि मागे दोन, तर जंपिंग स्पायडरचे पुढचे दोनच टपोरे. रात्री गवतात टॉर्च कपाळाशी धरून बघा, वुल्फ स्पायडरचे डोळे लख्ख चमकतात, कारण मधले पुढचे दोन सोडून बाकीच्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, त्याला टेपेटम म्हणतात. या थराची ठेवण वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळी, त्यावरून होमान नावाच्या जर्मन संशोधकाने १९७१ मध्ये कुळांची नाती लावून दाखवली होती. पुढे डीएनए आलं, काही जुने गट मोडले, पण म्हणून अवयव बघणं थांबलं नाही, उलट आता दोन्ही ताडून बघतात.

आणि नुसते डोळे नाहीत हो. पायाच्या शेवटच्या पेरावर वरच्या बाजूला टार्सल ऑर्गन असतो, ओलावा आणि तापमान कळतं त्याने. बहुतेक कोळ्यांत तो बारीक भोक असलेला खड्डा, पण गॉब्लिन स्पायडरमध्ये, म्हणजे जेमतेम एक ते तीन मिलिमीटरच्या कोळ्यांत, आतले संवेदक उघडेच दिसतात, आणि त्यांच्या संख्येवरून पोटगट ओळखायला मदत होते. हे दिसतं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. मुलाला हे नक्की सांगा, कारण खरं काम म्हणजे स्पिरिटमधला मेलेला कोळी, चिमटा, आणि तासन्‌तास मान खाली. फोटोची मजा वेगळी. त्यातही टिकला तर समजा आवड खरी.

रस्ता असा, आपल्या नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजला बीएस्सी झूऑलॉजी, मग एमएस्सी, मग नेट, ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं वेगळं, पीएचडी त्यावर होते. आयसर पुणे, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्र सरकारची संस्था, तिची परीक्षा बारावीनंतर लगेच देता येते, फॉर्म चुकवू नका. झूऑलॉजिकल सर्व्हे, म्हणजे प्राण्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं, त्याचं ऑफिस पुण्यात आकुर्डीला आहे. जागा मात्र मोजक्या आणि भरती कधी निघेल नेम नाही, म्हणून मी सेट, म्हणजे कॉलेजात शिकवायची राज्याची पात्रता परीक्षा, किंवा बीएड हाताशी ठेवायला सांगते, मिस्टरांची काळजी काही चुकीची नाही.

नीट यंदा देऊ दे, पण रिपीटचं वर्ष घालू नका, त्याचं मन तिथे नाही हे तुमच्या पत्रातच दिसतंय. परीक्षा झाली की त्याला वही घ्यायला लावा, तारीख, जागा, डोळ्यांची मांडणी, एवढंच, आणि ती वही बीएस्सीच्या पहिल्या वर्षीच झूऑलॉजीच्या सरांना दाखवू दे.