जुन्या लाकडी कोठाराची निवांत खोली

प्रश्न : गोव्यात वाळपईजवळ आमचं जुनं लाकडी खांबांचं कोठार आहे, छोटंसंच, तिथे चार दिवस शांत राहता येईल अशी खोली करायचीय, सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, फर्निचर नंतर, आधी खांबांचे पाय बघा, स्क्रूड्रायव्हर टोचा, मऊ लागलं तर वाळवी नाहीतर कूज, मग खराब तेवढाच भाग कापून त्याच जातीचं लाकूड सांधायचं आणि खाली काळा दगड द्यायचा. खांब सिमेंटमध्ये पुरू नका हं, गवंडी सुचवेल, पण ओल अडकते नि लाकूड आतून कुजतं. मंगळुरी कौलंच ठेवा, छपराची पाखं भिंतीबाहेर लांब काढा, गोव्याचा पाऊस आहे तो! बाथरूम मात्र बाहेर, वेगळं. आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवणार असाल तर गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करा. एसी? कशाला!