देवळालीहून दक्षिण लेबनॉनला निघताना

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत निघालास, अभिनंदन! सगळ्यात आधी लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामधली ब्लू लाइन समजून घे. ती आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे. 2000 साली इस्रायली सैन्य मागे गेलं का, हे तपासायला संयुक्त राष्ट्रांनी आखलेली, सुमारे 120 किलोमीटरची ती रेषा आहे. जमिनीवर निळी पिंपं दिसतात, पण सलग नाहीत. मधल्या जागेत कळपामागे गेलेला मेंढपाळसुद्धा ‘उल्लंघन’ ठरू शकतो. 2010 च्या ऑगस्टमध्ये अदैसे गावाजवळ झाड तोडण्यावरून गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. म्हणून क्षुल्लक हालचालही नोंदव.

जीपीएसमध्ये तिकडे अडथळे येतात. कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळच ठेव. रुळलेली वाट सोडू नकोस, जुने सुरुंग अजून आहेत.

स्फोट झाला की देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजवर शिकलेलंच कर: चमक दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोज, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. अहवालात वेळ, ग्रिड (नकाशावरच्या चौकटीचा क्रमांक), दिशा, स्फोटांची संख्या. कोणी डागलं ते पाहिलं नसेल तर लिहू नकोस. एका अंदाजाने दोन्ही बाजूंचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं फार अवघड.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जैतुनाची तोडणी असते. आपल्याकडे द्राक्षांच्या हंगामात बागेत परकी गाडी शिरली तर शेतकरी कसा चिडेल? तसंच तिथे. दुभाष्या सोबत घे, आधी सलाम कर. कुणी रस्ता अडवला तर गाडी पुढे रेटू नकोस: थांब, रेडिओवर कळव, लेबनीज सैन्याच्या संपर्क अधिकाऱ्याला बोलव.