शुक्रवारची मुदत आणि वेर्ण्याचा फोन

प्रश्न : ताई, मी गोव्यातल्या म्हार्दोळची, वय २७. एम.एस्सी. केमिस्ट्री करून चार वर्षं कुंडईच्या एका औषध कंपनीत क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर काम. यंदा दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. बेतोड्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवा असं त्यात लिहिलंय. वेर्ण्याच्या कंपनीत दोन फेऱ्या झाल्या, लॅब फिरवून दाखवली, एचआरच्या मॅडम ‘कळवतो’ म्हणाल्या. त्याला बारा दिवस झाले. मला वेर्ण्यालाच जायचंय, कारण तिथलं काम मेथड डेव्हलपमेंटचं, म्हणजे तपासणीच्या नव्या पद्धती बसवण्याचं आहे, इथल्यासारखं रोज तेच ते टेस्टिंग नाही. बाबा म्हणतात, दुसऱ्या ऑफरचं बोललीस तर त्यांना वाटेल ही आत्ताच अटी घालायला लागली. मैत्रीण म्हणते, बेतोड्याला हो म्हणून ठेव, दोन महिने नोटीस आहेच, तेवढ्यात वेर्ण्याचं आलं तर यांना नाही म्हण. आईचं एकच, बेतोडा जवळ. मी वेर्ण्याला सांगू की गप्प बसू?

उत्तर : तुझा मेल सोमवारी रात्री आला. अंक येईपर्यंत तुझा शुक्रवार कधीच उलटून गेला असता, म्हणून तुला मंगळवारी सकाळीच उत्तर धाडलं. तेच इथे थोडं सविस्तर छापतेय, कारण या अडचणीची पत्रं अधूनमधून येतच असतात. अरेतुरे करते हं, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

सांग. आजच सांग.

बाबांची भीती मला कळते. त्यांच्या काळी नोकरी देणाऱ्याला उलट प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा. पण मी टेबलाच्या पलीकडे, एचआरमध्ये, सव्वीस वर्षं बसले, त्यामुळे ‘कळवतो’ म्हटल्यावर आत काय चालतं ते मला माहीत आहे. बहुतेक वेळा काहीच चालत नाही. मुलाखतीच्या कागदावर लॅबच्या साहेबांची सही लागते, मग कोणीतरी तुझा पगार ग्रेडमध्ये बसवतं, मग प्लँट हेड, मग मुंबईचं हेड ऑफिस. यातला एक माणूस रजेवर गेला की फाईल तिथेच. तुला कोणी नाकारलेलं नसतं, तुझा विचारच कोणी करत नसतं. माझ्या टेबलावर डाव्या हाताला वेताचा ट्रे होता. त्यातली फाईल गुणवत्तेने वर येत नसे, ज्याची घाई त्याची वर येई.

एका वर्षीची गोष्ट. चतुर्थी दोन दिवसांवर, अर्धं ऑफिस माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीच्या, सामानाच्या गप्पांत. साखळीच्या एका मुलाचा फोन आला. ‘मॅडम, दुसऱ्या कंपनीचं पत्र हातात आहे, उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. मला तुमच्याकडेच यायचंय. तोवर काही कळेल का?’ बस्स, एवढंच. ना तिथला पगार सांगितला, ना कंपनीचं नाव. मी ट्रे उपसला, फाईल काढली आणि धावत पार्किंग गाठलं, कारण जनरल मॅनेजर गावी निघाले होते. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. त्या कागदावर पावसाचे दोन थेंब पडून शाई फुटली होती, ती फाईल बंद होईपर्यंत तशीच होती. त्याच ट्रेमध्ये काणकोणच्या एका मुलीची फाईल होती, मुलाखतीत त्याच्यापेक्षा सरस. तिने फोन केला नाही. चतुर्थीनंतर आम्ही तिला बोलावलं, तोवर ती दुसरीकडे रुजू झालेली. म्हणाली, ‘मला वाटलं तुमचा नकारच असेल.’ त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, खरं सांगते.

तेव्हा फोन कर. ज्या मॅडमनी ‘कळवतो’ म्हटलं त्यांनाच, लॅबच्या साहेबांना परस्पर नको. सकाळी नऊला नको, तेव्हा त्या हजेरी आणि गेट पासमध्ये बुडालेल्या असतात, अकरानंतर कर. फोन झाला की लगेच चार ओळींचा मेल. त्यात तीन गोष्टी येऊ देत : तुमच्याकडचं काम मला मनापासून हवंय, दुसरीकडची लेखी ऑफर आहे आणि तिला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय, गुरुवारपर्यंत तुमचा निर्णय किंवा निदान अंदाज कळला तर बरं होईल. गुरुवार म्हण, शुक्रवार नको, एक दिवस तुझ्या हातात राहू दे.

पगाराचा आकडा स्वतःहून काढू नकोस. तारीख सांगणं वेगळं आणि भाव करणं वेगळं, दोन्ही एका वाक्यात आलं की बाबा म्हणतात तेच होतं. त्यांनी विचारलाच तर खरा सांग. कंपनीचं नाव विचारलं तर ‘ते सांगणं बरं दिसणार नाही’ म्हण, कोणी रागावत नाही. आणि नसलेली ऑफर आहे म्हणून सांगणारे असतात ना, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. एकाला मी सहज म्हटलं, ‘छान, मग तीच घे.’ तो फोनवर इतका वेळ गप्प होता की मला वाटलं लाईन कटली.

तुलाही वेर्ण्याहून ‘मग तीच घ्या’ असं उत्तर येऊ शकतं. वाईट वाटेल. पण जे तुला महिन्याभराने, हातची ऑफर घालवून कळलं असतं ते बुधवारीच कळेल.

त्याच दिवशी बेतोड्यालाही फोन कर आणि तीन-चार दिवस मागून घे. कारण फार रंगवू नकोस, ‘घरी बोलून पक्कं उत्तर देते, पुढच्या मंगळवारपर्यंत वेळ मिळेल का’ पुरे. शुक्रवारी चार वाजता मागशील तर ते वैतागतील, आज मंगळवारीच मागशील तर बहुतेक देतील. मुदत दिली तर मेलवर घे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात सरळ लिहिलंय की प्रस्तावाला मुदत घातलेली असेल तर ती संपली की प्रस्ताव आपोआप रद्द होतो. म्हणजे ‘बघू हो, सोमवारी सांगा’ असं कोणी तोंडी म्हणालं आणि शनिवारी त्यांचं मन बदललं, तर दाखवायला तुझ्याकडे काही नाही.

मैत्रिणीचा सल्ला. करतात असं, खूप जण करतात, आणि नोटीसच्या दोन महिन्यांत सोय पण होते. मला ते आवडत नाही. शिवाय गोवा केवढासा. बेतोडा, कुंडई, वेर्णा इथल्या एचआरवाल्यांचे फोन नंबर एकमेकांकडे असतात, आणि एचपीएलसीवर हात बसलेली माणसं किती ते सगळ्यांना ठाऊक असतं. आज ज्यांना हो म्हणून फिरवशील तेच पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीत तुझ्या समोर मुलाखत घ्यायला बसलेले दिसतील. म्हणून वेर्ण्याचं काही कळलं नाही तर मुदत संपायच्या आत बेतोड्याचा निर्णय वेर्णा जगात नाहीच असं धरून घे. नुसतं तेवढंच काम, तेवढाच पगार, घ्यावंसं वाटतं का? वाटलं तर हो म्हण आणि मग खरंच जा.

कुंडईचा राजीनामा मात्र सही-शिक्क्याचं पत्र हातात आल्याशिवाय देऊ नकोस, आणि पत्रात मेडिकल किंवा जुन्या कंपनीकडे चौकशीची अट आहे का ते वाचून घे. ती अट पुरी व्हायच्या आधी राजीनामा टाकून बसलेली माणसं माझ्यासमोर रडलेली आहेत.

आईचं राहिलं. तिचं म्हणणं उडवून लावू नकोस. सुट्टीच्या एखाद्या दिवशी, फर्स्ट शिफ्टच्या वेळेला, म्हार्दोळहून फोंडा, बोरी पूल, मडगाव करत वेर्ण्यापर्यंत बसने जाऊन ये. कंपनीची बस फोंड्याला कुठे थांबते आणि किती वाजता, हेही त्या मॅडमना विचार. माझ्या ओळखीच्या दोघी या एका गोष्टीवर वर्षभरात परत आल्या.

ता.क. गुरुवारी हिचा मेल आला. बेतोड्याने पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत दिली, लेखी. वेर्ण्याच्या मॅडम म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत, तुमची फाईल हेड ऑफिसला आहे, मी आजच फोन करते.’ पुढचं अंक छपाईला जाईपर्यंत कळलेलं नाही.