वाचकांचे प्रश्न: मोडेम डायल करतो पण पेजर अर्धाच नंबर दाखवतो

प्रश्न: नमस्कार दादा, मी न्यू जर्सीत एडिसनला असते. मिस्टर हॉस्पिटलमध्ये अ‍ॅनेस्थेशियाला आहेत, तिथे तळघरात मोबाइलला रेंजच नाही म्हणून त्यांच्याकडे अजून पेजर असतो, साधा, फक्त आकडे दाखवणारा. घरी जुनी कॉपरची लँडलाइन आहे, तिला विंडोज 98 चा पीसी आणि व्हॉइस मोडेम जोडलाय, आन्सरिंग मशीनचं काम तोच करतो. कोणी मेसेज ठेवला की पेजरवर कळवायचं असं सेटिंग त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पेजरचा नंबर आणि त्यापुढे घरचा नंबर टाकला, तर कधी शेवटचे चारच आकडे येतात, कधी काहीच नाही, आणि कधी एकच पेज तीनतीनदा वाजतो. काय करू?

उत्तर: ताई, सॉफ्टवेअर ठीक आहे, सगळा घोळ वेळेचा आहे. मोडेम बनवलाय दुसऱ्या मोडेमशी बोलायला, समोरून कॅरिअरचा सूर आला की त्याला कळतं फोन लागला. पेजर कंपनीचं मशीन तसला सूर देतच नाही, ते फोन उचलतं, बीप देतं नाहीतर "नंबर टाका" असं रेकॉर्डिंग वाजवतं आणि आकड्यांची वाट बघतं, आणि यातलं तुमच्या मोडेमला काही म्हणजे काही समजत नाही. तो आपला नंबर फिरवून लगेच घरचा नंबर दाबून मोकळा होतो, तेव्हा तिकडे अजून रिंगच वाजत असते. पहिले आकडे हवेत जातात, शेवटचे चार पोचतात.

म्हणून मधे थांबा द्यायचा, तो कॉमाने. डायलच्या कमांडमध्ये एक कॉमा म्हणजे साधारण 2 सेकंद (मोडेमच्या एस8 नावाच्या सेटिंगमध्ये तो आकडा असतो, बहुतेक मोडेमवर 2 च असतो). आता इथे सगळे फसतात ते असं की थांबा पलीकडे फोन उचलल्यापासून मोजला जात नाही, तुमचा शेवटचा आकडा दाबल्यापासून मोजला जातो. अमेरिकेत रिंगचं एक चक्र 6 सेकंदांचं, 2 वाजणार 4 शांत, म्हणजे कॉल जोडला जायचा वेळ, एक-दोन रिंगा आणि वर ते रेकॉर्डिंग हे सगळं त्या कॉमांमध्ये बसलं पाहिजे. सहा कॉमांपासून सुरू करा. आणि अंदाज नका करू, कानाने ऐका. मोडेमला सुरुवातीला जाणाऱ्या कमांडमध्ये एम0 (M0, म्हणजे स्पीकर बंद) असेल तर एम1 (M1) करा, कॅरिअर येईपर्यंत स्पीकर चालू राहतो आणि इथे कॅरिअर येणारच नाही, त्यामुळे रिंग, बीप, तुमचे आकडे सगळं ऐकू येईल. बीप संपून एखाद सेकंदाने आकडे पडले की झालं. काही मोडेमला @ चिन्ह चालतं, ते समोर 5 सेकंद शांतता होईपर्यंत थांबतं, पण काही पेजिंग मशीनं तेवढ्यात कंटाळून फोन ठेवतात, म्हणून मला कॉमाच जास्त भरवशाचे वाटतात.

तीनतीनदा वाजण्याचं कारण पण तेच कॅरिअर. मोडेम वाट बघून बघून शेवटी नो कॅरिअर म्हणतो, सॉफ्टवेअरला वाटतं कॉल फसला, ते परत लावतं. उपाय म्हणजे डायलच्या ओळीच्या अगदी शेवटी अर्धविराम, म्हणजे ; हा. त्याने मोडेम डायल झाल्यावर ओके म्हणून मोकळा होतो आणि सॉफ्टवेअर फोन ठेवतं. फक्त त्याच्या आधी # आणि मग दोन-तीन कॉमा ठेवा, # म्हणजे नंबर संपला ही खूण, ती तिकडे पोचायच्या आत फोन ठेवला गेला तर पेज पडणारच नाही. तर ओळ अशी: एटीडीटी (ATDT, म्हणजे मोडेमला डायल करायची कमांड), पेजरचा नंबर, सहा कॉमा, पेजवर दाखवायचे आकडे, #, तीन कॉमा आणि अर्धविराम. लाइनवर कॉल वेटिंग असेल तर ते तेवढ्यापुरतं बंद करायला पेजरच्या नंबरच्या आधी *70 आणि एक कॉमा. मेसेज ठेवणाऱ्याने फोन ठेवल्यावर लाइन मोकळी व्हायला वेळ लागतो, म्हणून पेज लावायच्या आधी अर्धा मिनिट थांबायचं सेटिंग असेल तर तेही द्या.

मुंबई-पुण्यात ज्यांनी नव्वदच्या दशकात पेजर वापरला त्यांना हे सगळं नवीन वाटेल, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा ऑपरेटरला फोन करून मेसेज सांगायचा आणि तो टाइप करून पाठवायचा.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतो. घरच्या नंबरऐवजी घरात ठरवलेला कोड पाठवा, 1 म्हणजे साधा मेसेज, 911 म्हणजे लगेच फोन कर, असं. पेजरचे मेसेज बहुतेक उघड्या हवेतून कुठल्याही कुलपाशिवाय जातात, रेडिओ असलेला कोणीही वाचू शकतो. आणि साधा पेजर उलट काहीच कळवत नाही, मेसेज पोचला की नाही ते तुम्हाला समजायला मार्ग नाही, त्यामुळे सासूबाईंच्या तब्येतीसारख्या गोष्टीला हॉस्पिटलच्या ऑपरेटरचा नंबर फोनशेजारी लिहून ठेवाच.

प्रश्न: शिकागोहून विचारतोय, माझा पेजर अक्षरं दाखवतो. कॉल कोणाचा होता ते नावासकट मोडेमने पाठवता येईल का?

उत्तर: येईल, पण रस्ता पूर्ण वेगळा. इथे पेजर कंपनीकडे खरोखरचा मोडेम असतो आणि टॅप नावाच्या प्रोटोकॉलने बोलतो, त्याचा फोन नंबर पण वेगळा, तो कंपनीकडून मागून घ्या. स्पीड 300 किंवा 1200, आणि सेटिंग 7 बिट, इव्हन पॅरिटी, 1 स्टॉप बिट. सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचं 8 बिट, पॅरिटी नाही असं राहिलं की स्क्रीनवर कचरा दिसतो, बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मोडेमचं एरर करेक्शन आणि कॉम्प्रेशन पण बंद करा. नाव-नंबरासाठी लाइनवर कॉलर आयडी हवा, आणि अमेरिकेत ती माहिती पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येते, तेव्हा मोडेमला दुसऱ्या रिंगच्या आधी फोन उचलू देऊ नका. कंपनीने टॅपचा नंबर बंद केला असेल तर पेजरला इमेलचा पत्ता मिळतो का विचारा, मिळाला तर मोडेमच्या भानगडीत पडूच नका.