खापरपणजी शोधताय? आधी तिचं माहेर विचारा

वंशावळीत नाव नाही म्हणून अडून बसू नका. जुन्या वंशावळी बहुतेक पुरुषांच्याच. त्यात लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे सासरची लक्ष्मीबाई माहेरी ठकू असायची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला गाठा: खापरपणजीचं माहेर कुठलं, पहिल्या बाळंतपणाला कुठे गेली, मामा कोण? पुरुषमंडळींना विचारून वेळ घालवू नका, त्यांना जमिनीचे बांध तेवढे पाठ असतात!

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. जुना गाव नमुना १४ म्हणजे गावाची जन्म-मृत्यूची नोंद. घरात ‘तापाच्या साथीत गेली’ असं म्हणत असतील, तर १९१८ ची, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षाची, पानं आधी पाहा.

पण माझ्या मते खरं घबाड फेरफारात, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीत. नवरा आधी वारला असेल तर वारसनोंदीत ‘गंगाबाई कोम राघू’ असं काहीतरी सापडतं. कोम म्हणजे बायको, बिन म्हणजे मुलगा. पोरं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. एवढ्या एका ओळीत ती साधारण कधी विधवा झाली आणि तेव्हा कोणती पोरं पदरात होती, दोन्ही कळतं. जुनी पानं मोडी लिपीत असली तर अंदाजाने वाचू नका, नक्कल काढून जाणकाराला दाखवा.

नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांकडच्या नामावळ्याही बघा, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नावांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगायचं. सासरचं झालं की माहेरचंही.