राजीनामा सगळ्यात शेवटी द्या (दापोलीकडे दोन एकर घेऊन राहायचं म्हणताय त्यावर)

तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे दोघंही पुण्यात नोकरीत, एक आयटीत एक बँकेत, मुलगी चौथीत, फ्लॅटचं लोन फिटलेलं. तो विकून दापोली-गुहागर पट्ट्यात दोन एकर घ्यायची, घर बांधायचं, घराला लागेल तेवढं पिकवायचं आणि मार्चमध्ये दोघांनी पेपर टाकायचे. मी मूळची डोंबिवलीची, लोकलचे धक्के खाऊन झाल्यावर सासरच्या गावाला रत्नागिरीतल्या खेड तालुक्यात येऊन राहिले आणि आता इथलीच झालेय, तेव्हा येऊ नका असं मी तरी म्हणणार नाही. पण तुमचा क्रम मला उलटा वाटतो. राजीनामा सगळ्यात शेवटी, आणि फ्लॅट तर विकूच नका.

सगळ्यात आधी हे सांगा की तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर किंवा आईवडिलांच्या नावावर कुठेतरी शेतजमीन आहे का? कारण १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ अजून आहे तिथेच आहे, शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, घ्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते आणि ती काही तुमच्याआमच्यासारख्याला हौसेसाठी मिळत नाही. "शेतकरी दाखला आम्ही करून देतो" म्हणणारे दलाल पावलोपावली भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, व्यवहार बेकायदा ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते, पैसे गेले ते गेलेच. आजोबांची कुठे सांगली-साताऱ्याकडे सामायिक दहा गुंठे असतील तर आधी तिथे वारसनोंद करून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता कागद. सातबारा ऑनलाईन बघून खूश होऊ नका, कोकणातला सातबारा म्हणजे एकेका गटावर वीस-पंचवीस नावं, त्यातली अर्धी मयत, उरलेली मुंबईत, आणि दलाल म्हणणार "सगळ्यांची संमती आहे हो". ज्याच्याशी बोलताय त्याचा हिस्सा वेगळा मोजलेला आहे का ते विचारा. भोगवटादार वर्ग १ असेल तर बरं, वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते. मग इतर हक्कचा रकाना वाचा, तिथे कूळ, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि मुख्य म्हणजे "खाजगी वने" किंवा वनसंज्ञेचा (कागदोपत्री जंगल असल्याचा) शेरा दिसला तर तिथूनच नमस्कार करा. जुने फेरफार, म्हणजे नावं कशी बदलत गेली त्या नोंदी, मागच्या तीसेक वर्षांचे काढा, एखादा महसुलातला जाणकार वकील धरा, आणि मोजणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. रस्ता कागदावर आहे का तेही बघा, नुसती "वहिवाट आहे" यावर जाऊ नका, कारण आज शेजारच्या काकांनी गाडी जाऊ दिली म्हणून उद्या त्यांचा मुलगा गडगा (दगडी कुंपण) घालणार नाही असं नाही.

पाण्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणारे कारण शहरातून येणारे इथेच फसतात. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे मध्ये वाड्यांवर टँकर येतो, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही, पडलं की पऱ्याने (ओढ्याने) खाडीला. आणि जमिनी दाखवतात कधी, तर गणपती ते डिसेंबर! सगळं हिरवंगार, पऱ्या वाहतोय, विहीर काठोकाठ, माणूस तिथल्या तिथे बयाणा देतो. तुम्ही मे च्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. विहिरीत पंप टाकून तळ दिसेपर्यंत उपसा आणि पाणी परत वर यायला किती तास लागतात ते बसून बघा, रात्रभरात हातभर आलं तर घरापुरतं आहे, बागेचं विसरा. मालकाला विचारू नका, वाडीतल्या बायकांना विचारा की मे महिन्यात हंडे कुठून आणता, खरं उत्तर मिळेल. बोअरवर भरवसा ठेवू नका, एकाला लागतं आणि शेजारच्याला कोरडी जाते.

छपराचं पाणी साठवायचा विचार मात्र नक्की करा, हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरचं छप्पर असेल तर हंगामात तीन लाख लिटर अंगावरून जातं, आपल्याला त्यातलं थोडंच हवंय. सरकारी हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा, तिघांचे १६५, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीत एप्रिल-मे कसेबसे निघतात. शेवटच्या सरींचं पाणी भरून टाकी बंद करून ठेवायची.

पिकवण्याचं म्हणाल तर घरापुरता तांदूळ होतो, यात शंका नाही. गुंठ्याला २५-३० किलो भात धरा, अर्ध्या एकरात पाच-सहा क्विंटल, भरडून साडेतीनच्या आसपास तांदूळ, तिघांना आणि पाहुण्यांना पुरून उरेल. भात निघालं की त्याच ओलीवर कुळीथ, पावटा. पण गहू, ज्वारी, तूरडाळ, तेल, साखर, चहा हे सगळं दुकानातूनच येणार, त्यामुळे शंभर टक्के स्वयंपूर्ण वगैरे मनातून काढा. लावणीच्या दिवसांत माणसं मिळत नाहीत, सगळ्यांचीच लावणी असते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंचं सगुणा राईस तंत्र बघून या, गादीवाफ्यावर टोकणणी (बी टोचून पेरायचं), ना चिखलणी ना लावणी, दोन माणसांच्या घराला ते बरं पडतं. फक्त त्यात तणनाशक वापरतात, तुमचा ऑरगॅनिकचा आग्रह असेल तर बेणणीला (हाताने तण काढायला) कंबर कसा. काजूची कलमं तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतात, हापूस पाचव्या-सहाव्याला, तोवर बागेतून पैसा शून्य.

आणि वानर. यावर कुणी बोलतच नाही. आमच्या वाडीत लोकांनी भाजी करायचं सोडलं ते पाण्यामुळे नाही, वानर-माकडांमुळे. टोळी एकदा आली की अर्ध्या तासात भोपळ्याच्या वेलापासून पपईपर्यंत साफ, खातात कमी आणि मोडतात जास्त. रात्री डुकरं येतात ती वेगळीच. सुरण, हळद, आलं, मिरची याला त्यातल्या त्यात कमी त्रास, भाजीला वरूनही जाळी लागते, तो खर्च आधीच धरा.

गाय लगेच घेऊ नका, निदान पहिलं वर्ष नाही. गावठी गाय देऊन देऊन दोन लिटर देणार आणि तुम्ही घराला कुलूप लावून चुलत बहिणीच्या लग्नालाही जाऊ शकणार नाही. गोबरगॅसचा दोन घनमीटरचा प्लांट धरला तरी रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, तेव्हा सिलेंडरचं कनेक्शन असू द्या.

आता पैसे, म्हणजे फ्लॅट का विकायचा नाही ते. तांदूळ घरचा, भाजी थोडी घरची असं धरलं तरी पेट्रोल, शाळा, औषधं, मोबाईल, लाईटबिल, गड्यांची मजुरी (पाचशेच्या खाली कुणी येत नाही), लग्नकार्यातले आहेर, याला रोख लागते. साधं राहून तिघांना महिना २५ हजार मी तरी धरीन. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला तर हे बहुतेक तिथूनच निघतं, आणि शेतीतून पुढेमागे सुटेल तो वरचा. तोच फ्लॅट विकून जमिनीत घातला तर दुसऱ्या वर्षी तुम्ही तीच जमीन विकायला काढाल, इथे असे बंगले बघितलेत मी, कंपाऊंडला गेट आणि आत गवत.

नोकरीत असतानाच करायच्या गोष्टी: कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो, स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असतं. पीएफ काढायची घाई करू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सर्व्हिस लागते, कुणाची साडेआठ-नऊ झाली असेल तर तेवढी पुरी करा. कर्ज काढायचंच असेल तर पगाराच्या स्लिपवर मिळतं, नंतर बँक ओळख दाखवत नाही.

सोलर घेणार असाल तर बॅटरीवालं घ्या. नुसतं ऑन-ग्रिड (सरकारी लाईनीला जोडलेलं, बॅटरीशिवाय) असेल तर लाईट गेली की तेही बंद. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. आणि पावसाळ्यात ऊन नसतंच, म्हणून सगळं सोलरवर टाकू नका.

साप-विंचवाची भीती विचारली होतीत. फुरसं, घोणस, मण्यार सगळं आहे. रात्री बॅटरी आणि पायात बूट एवढं पाळा, आणि कुठल्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस असते ते राहायला येण्याआधी विचारून ठेवा, प्रायव्हेटच्या दारात वेळ घालवू नका. विंचवाला तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसीनची गोळी सगळीकडे माहितीय, पूर्वीसारखं नाही राहिलं.

मग करायचं काय, तर जमीन नको, आधी घर भाड्याने घ्या. वाड्यांमध्ये कितीतरी चिऱ्याची घरं बंद आहेत, मालक मुंबईला, घरात दिवा लागतोय म्हणून किरकोळ भाड्यात देतात. फक्त गणपतीत आणि शिमग्याला ते सहकुटुंब येणार, तेव्हा दोन खोल्या मोकळ्या करायच्या आणि जमलं तर त्यांच्यात मिसळायचं, अर्धी ओळख तिथेच होते, पुढे गडी मिळणं, रस्ता मिळणं सगळं या ओळखीवर चालतं. मुलगी चौथी संपवून पाचवीत जाणार, म्हणजे शाळा तशीही बदलायचीच, जूनमध्ये आणा. आयटीवाल्याने वर्क फ्रॉम होम मागून तिच्याबरोबर यावं (आधी त्या घरात बसून रेंज बघा, पावसात जाते), बँकवाल्याने पुण्यात राहून शनिवार-रविवार यावं. एक अख्खा पावसाळा आणि पुढचा मे तिथे काढला की कुठली विहीर खरी आणि कोण मालक खरा हे आपोआप कळतं. मग जमीन, मग मोजणी, मग घर, आणि बँकेचा राजीनामा त्याच्याही नंतर.

तोवर माहेर-सासर दोन्हीकडचे जुने आठ अ चे उतारे (कुणाच्या नावावर किती शेतजमीन ते दाखवणारे) शोधून ठेवा, आणि जी दोन एकर दाखवली म्हणताय तिच्या सातबाऱ्यात इतर हक्कात काय लिहिलंय तेवढं टाका, नावं-गट नंबर खोडून, मग पुढचं बघू.